जुन्या थिंकपॅडसाठी परवडणारी एसएसडी: काय पाहून घ्यावी आणि कशी बसवावी?

अक्षरजुळारी:

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे लेनोव्होचा थिंकपॅड टी-४३० आहे. २०१२ सालचे हे मॉडेल मी सेकंडहँड घेतले होते. त्यात तिसऱ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि मिनिटाला ७२०० फेरे घेणारी ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे. मी घरून डीटीपीची, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याची, कामे करते. लग्नपत्रिका आणि हँडबिले वर्षभर असतात, अधूनमधून शाळांच्या स्मरणिका येतात, आणि गणपती आटोपले की दिवाळी अंकांच्या पानांची घाई सुरू होते. हे यंत्र सुरू झाल्यावर हाती येईपर्यंत फार वेळ घेते आणि त्या सगळ्या वेळात डिस्कचा दिवा अखंड लुकलुकत असतो. अलीकडे एखादी जुनी फाइल उघडताना ते मध्येच थबकते आणि बऱ्याच वेळाने पुन्हा चालू लागते. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची प्रकृती तपासणारे सॉफ्टवेअर चालवून पाहिले, तर तिथे पिवळ्या रंगात इशारा दिसतो.

नवीन लॅपटॉप घेणे सध्या शक्य नाही आणि प्रोसेसरबद्दल माझी काही तक्रारही नाही, म्हणून फक्त डिस्क बदलावी असा विचार आहे. परंतु पुन्हा हार्ड डिस्कच घ्यावी की एसएसडी (फिरत्या तबकड्यांऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क) घ्यावी, २४० जीबी पुरेल की मोठी लागेल, ऑनलाइन दिसणाऱ्या अनोळखी नावांच्या अतिशय स्वस्त एसएसडी विश्वासार्ह असतात का, हे मला ठरवता येत नाही. जवळच्या दुकानदाराने एनव्हीएमई प्रकारची एसएसडी घ्या, ती सर्वांत वेगवान असते, असे सांगितले आहे. माझी खरी काळजी मात्र निराळी आहे. या यंत्रावर पानजुळणीचे पेजमेकर, युनिकोडपूर्व काळातले मराठी अक्षरसंच आणि त्यांचा कीबोर्ड अशी जुनी सॉफ्टवेअर आहेत. त्यांच्या मूळ सीडी आता माझ्याकडे नाहीत. गेल्या अनेक वर्षांतील ग्राहकांची कामे त्याच अक्षरसंचांत असल्यामुळे सगळे काही आहे तसे नव्या डिस्कवर यायला हवे. कृपया मार्गदर्शन करावे.

टिपकागद:

अक्षरजुळारी, खरेदीआधी एक तातडीचे काम आहे. क्रिस्टलडिस्कइन्फोचा पिवळा इशारा बहुतेक वेळा ०५ किंवा सी५ या ओळींमुळे येतो. ०५ ही ओळ डिस्कने खराब ठरवून बाजूला काढलेल्या आणि राखीव सेक्टरांनी बदललेल्या सेक्टरांची (सेक्टर म्हणजे डिस्कवरील माहितीचा छोटा कप्पा) संख्या सांगते. सी५ ही ओळ ज्या सेक्टरांतील माहिती वाचताना डिस्क अडली आहे आणि ज्यांचा निकाल अजून लागायचा आहे, त्यांची संख्या सांगते. यातली दुसरी ओळ मला अधिक गंभीर वाटते, कारण त्या जागांवरची माहिती या घडीला वाचताच येत नाही. डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते आणि तोपर्यंत विंडोज ताटकळते. तुमचे यंत्र थबकते ते बहुधा याच कारणाने.

म्हणून नवी डिस्क येण्याची वाट न पाहता आजच एखाद्या बाहेरच्या डिस्कवर किंवा मोठ्या पेन ड्राइव्हवर महत्त्वाचे सगळे उतरवून घ्या. जे पुन्हा कुठूनही मिळणार नाही ते आधी घ्यावे: ग्राहकांची कामे, अक्षरसंचांचे फोल्डर, कीबोर्डच्या मांडणीच्या फाइली. छायाचित्रे त्यानंतर. एखादी फाइल कॉपी होताना अडली, तर तिच्याशी झगडत न बसता तिचे नाव लिहून ठेवा आणि पुढची घ्या. डीफ्रॅगमेंटेशन (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र करणे) मुळीच करू नका. विंडोजमधील चेकडिस्कची दुरुस्तीही तूर्त चालवू नका. चेकडिस्क फाइलव्यवस्था सुसंगत करण्यासाठी बनवलेली आहे, फाइलींतील मजकूर वाचवण्यासाठी बनवलेली नाही, आणि तिच्या दुरुस्तीत अर्धवट वाचल्या गेलेल्या फाइलींचे तुकडे पडू शकतात.

०५ आणि सी५ या दोन्ही ओळींतील आकडे इथे लिहाल का? डिस्कवर एकूण किती जागा व्यापली आहे तेही सांगा.

अक्षरजुळारी:

टिपकागद, मनापासून धन्यवाद. कामांचे फोल्डर आणि अक्षरसंच उतरवून घेतले. स्मरणिकेच्या दोन फाइली अडल्या, बाकी सगळे आले. ०५ समोर सगळी शून्ये आहेत. सी५ समोर बऱ्याच शून्यांनंतर शेवटी १८ असे आहे. एकूण व्यापलेली जागा साधारण १९० जीबी आहे.

टिपकागद:

ते सॉफ्टवेअर मूळ आकडे हेक्साडेसिमल पद्धतीने दाखवते, त्यामुळे तिथले १८ म्हणजे आपले २४. चोवीस सेक्टर अडकले आहेत. डिस्क अजून हाती आहे, पण तिच्यावर यापुढे रोजचे काम करू नये.

सातवीण:

मी थिंकपॅडच्या या पिढीची यंत्रे बरीच उघडली आहेत, म्हणून एनव्हीएमईचा मुद्दा आधी निकालात काढतो. टी-४३० मध्ये एम-टू प्रकारची जागाच (एनव्हीएमई कार्ड बसवण्याची खाच) नाही, त्यामुळे एनव्हीएमई एसएसडी त्यात बसणार नाही. अडॅप्टर लावून ती बसवण्याचा नादही करू नये, कारण त्या काळच्या बायोसला (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीला) एनव्हीएमईवरून यंत्र सुरू करता येत नाही. दुकानदाराने दिलेली माहिती नव्या लॅपटॉपच्या दृष्टीने बरोबर आहे, तुमच्या लॅपटॉपच्या दृष्टीने नाही.

तुम्हाला हवी आहे ती अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्याच जोडणीत बसणारी. टी-४३० च्या मुख्य कप्प्यातील जोडणी साटा ३ म्हणजे सेकंदाला ६ गिगाबिटची आहे, आणि बाजारातील कोणतीही साटा एसएसडी तिच्यापुढे जाऊच शकत नाही. म्हणजे या बाबतीत तुमचे यंत्र तेरा-चौदा वर्षांचे असूनही कुठे कमी पडत नाही. जाडीकडे मात्र लक्ष द्यावे. अडीच इंची एसएसडी ७ मिमी जाडीच्या असतात आणि जुन्या हार्ड डिस्क अनेकदा ९.५ मिमीच्या. तुमच्या डिस्कच्या दोन्ही कडांना रबरी पट्ट्या बसवलेल्या दिसतील. जुन्या पट्ट्या जाड डिस्कसाठी असल्या, तर एसएसडी कप्प्यात किंचित हलते. अशा वेळी ७ मिमीच्या पट्ट्या घ्याव्यात किंवा काही एसएसडीसोबत मिळणारी अडीच मिमीची चौकट चिकटवावी. डिस्क हलती राहिली तर जोडणीच्या पिना सैल होतात, म्हणून या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीचा आग्रह धरतो आहे.

याच यंत्रात एमसाटा प्रकारच्या छोट्या कार्डालाही जागा आहे, पण ती साटा २ वेगाची आहे आणि एमसाटा कार्डे आता सहजासहजी मिळत नाहीत. त्या वाटेला न जाणेच चांगले.

उंबरठा:

थोडे वेगळे मत मांडतो. तेवढ्याच पैशांत हार्ड डिस्क दुप्पट क्षमतेची मिळते. शिवाय हार्ड डिस्क बिघडताना आधी इशारे देते, जसे ते इथे मिळाले, आणि तज्ज्ञाकडे नेल्यास तिच्यातील माहिती बऱ्याचदा परत मिळवता येते. एसएसडीचा कंट्रोलर (तिचे काम चालवणारी चिप) गेला की ती एका क्षणात मूक होते. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षांची कामे साठलेली आहेत, त्यांनी निव्वळ वेगासाठी एसएसडी घ्यावी का, याचा विचार व्हायला हवा.

कऱ्हाकाठ:

उंबरठा यांचा मुद्दा साठवणीच्या बाबतीत मला मान्य आहे. परंतु ज्या डिस्कवरून विंडोज चालते, तिच्या बाबतीत हिशेब पूर्णपणे बदलतो, आणि तो आकड्यांनी मांडणे उपयोगी ठरेल.

मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२० फेरे, अर्थात एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद. हवा असलेला सेक्टर सरासरीने अर्ध्या फेऱ्यानंतर डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली येतो, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद तिथेच गेले. त्याआधी डोके योग्य वर्तुळावर नेण्यासाठी लॅपटॉपच्या डिस्कला दहा-बारा मिलिसेकंद लागतात. एका वाचनाला सुमारे पंधरा मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला साठ-सत्तर वाचने होतात. विंडोज सुरू होताना विखुरलेले हजारो छोटे तुकडे वाचले जातात आणि त्यांतला एकेक तुकडा अनेकदा चार केबीचा असतो. सत्तर गुणिले चार केबी म्हणजे सेकंदाला फक्त २८० केबी! स्वस्तातली साटा एसएसडीसुद्धा असेच विखुरलेले तुकडे एकेक करून वाचताना सेकंदाला वीस ते तीस एमबीपर्यंत सहज जाते. फरक शंभरपटीच्या आसपासचा आहे, आणि तुमच्या डिस्कचा दिवा अखंड लुकलुकण्याचे कारण या गणितात आहे.

याच हिशेबातून खरेदीचाही एक निकष निघतो. खोक्यावर ठळक छापलेला सेकंदाला ५५० एमबी हा वेग एकसलग मोठी फाइल वाचतानाचा असतो. साटा ३ ची मर्यादाच तेवढी असल्याने तो आकडा जवळपास सगळ्या कंपन्यांच्या खोक्यांवर सारखाच दिसतो. एका खोक्यावर ५२० आणि दुसऱ्यावर ५६० असेल, तर त्या चाळीस एमबीसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. ज्यांचे लॅपटॉप आणखी जुने, म्हणजे साटा २ चे आहेत, त्यांचा एकसलग वेग २७०-२८० एमबीवर थांबेल, पण विखुरलेल्या छोट्या वाचनांचा वेग जवळजवळ तोच राहील. रोजच्या वापरात जाणवतो तो हाच वेग. यंत्र जुने आहे म्हणून एसएसडीचा लाभ मिळणार नाही, ही समजूत मी अनेकांकडून ऐकली आहे आणि तिच्यामुळे चांगली चालणारी यंत्रे भंगारात गेलेली पाहून वाईट वाटते.

हार्ड डिस्कच घ्यायची झाली तरी एक सावधगिरी आवश्यक आहे. आज मिळणाऱ्या ७ मिमी जाडीच्या १ टीबी क्षमतेच्या लॅपटॉप डिस्क बहुतांशी एसएमआर पद्धतीच्या आहेत. त्यांच्यात चुंबकीय पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. सीगेटची बाराकुडा, डब्ल्यूडी ब्लूची एसपीझेडएक्स मालिका आणि तोशिबाची एमक्यू-०४ मालिका यांत ही पद्धत आहे. विंडोज चालवण्यासाठी अशी डिस्क तुमच्या सध्याच्या डिस्कपेक्षाही मंद वाटू शकते. आठवड्यातून एकदा बॅकअप उतरवण्यासाठी मात्र ती अगदी योग्य.

उंबरठा:

हा हिशेब पटला. मग माझी सूचना अशी दुरुस्त करतो: आत एसएसडी आणि बॅकअपसाठी बाहेर हार्ड डिस्क. एसएसडी वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्यासाठी नसते. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार लेखनाची ठरलेली मर्यादा पूर्ण वापरून झालेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश सेल्सिअसला, वीज नसताना, एक वर्ष माहिती धरून ठेवावी एवढीच अपेक्षा असते. नवी एसएसडी याहून खूप जास्त काळ टिकवते हे खरे, पण जुन्या दिवाळी अंकांची मूळ पाने जपायची असतील तर हार्ड डिस्क अधिक भरवशाची.

दवणा:

आता प्रत्यक्ष निवडीकडे येऊ. साटा एसएसडींत किमतीचा फरक मुख्यतः कशामुळे पडतो, ते आधी लक्षात घ्यावे.

एसएसडीला कुठला मजकूर कोणत्या चिपमध्ये कुठे आहे याचा नकाशा सतत लागतो. महागड्या एसएसडीत त्या नकाशासाठी वेगळी डीरॅम, म्हणजे वेगवान तात्पुरत्या स्मृतीची, चिप असते. स्वस्त एसएसडीत ती नसते, आणि नकाशाचा बराचसा भाग मंद अशा फ्लॅशमधूनच (माहिती साठवणाऱ्या चिपमधूनच) वाचावा लागतो. एनव्हीएमई एसएसडी अशा वेळी लॅपटॉपच्या रॅमचा थोडा भाग उसना घेऊ शकतात, साटामध्ये ती सोय नाही. म्हणून जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत डीरॅमचा मुद्दा अधिक महत्त्वाचा ठरतो. क्रुशियलची बीएक्स-५००, किंग्स्टनची ए-४०० आणि डब्ल्यूडी ग्रीन या डीरॅम नसलेल्या आहेत. सॅमसंगची ८७० ईव्हो आणि क्रुशियलची एमएक्स-५०० या डीरॅम असलेल्या. डब्ल्यूडी ब्लूच्या बाबतीत मॉडेल नीट पाहावे, कारण तिच्या आधीच्या थ्रीडी मालिकेत डीरॅम होती आणि नंतर आलेल्या एसए-५१० मध्ये ती नाही.

डीरॅम नसली म्हणजे एसएसडी टाकाऊ, असे मी मुळीच म्हणणार नाही. पत्रव्यवहार, इंटरनेट, हिशेबाच्या फाइली एवढेच काम असेल तर बीएक्स-५०० किंवा ए-४०० हार्ड डिस्कच्या तुलनेत अतिशय समाधानकारक चालतात. डिस्क जवळजवळ भरलेली असताना आणि एकाच वेळी खूप लेखन चालू असताना त्या मंदावतात, आणि काही वेळा तर हार्ड डिस्कच्याही खाली जातात. म्हणून अशी एसएसडी घेतल्यास पाचवा हिस्सा तरी कायम मोकळा ठेवावा.

टिकाऊपणाबद्दल लोक गरजेपेक्षा जास्त घाबरतात. बीएक्स-५०० च्या २४० जीबी मॉडेलची लेखनमर्यादा ८० टीबी आहे. दिवसाला २० जीबी लेखन धरले, तरी ती संपायला ४००० दिवस, म्हणजे सुमारे अकरा वर्षे लागतील, आणि डीटीपीच्या कामात रोज २० जीबी लिहिले जाण्याची शक्यता कमीच. ८७० ईव्होच्या ५०० जीबी मॉडेलची मर्यादा ३०० टीबी आणि एमएक्स-५०० ची १८० टीबी आहे. मी या आकड्यांपेक्षा वॉरंटीच्या वर्षांना अधिक महत्त्व देते. बीएक्स-५००, ए-४०० आणि डब्ल्यूडी ग्रीन यांना तीन वर्षे, तर ८७० ईव्हो आणि एमएक्स-५०० यांना पाच वर्षे वॉरंटी आहे. किमतीला वॉरंटीच्या वर्षांनी भागून पाहिले, तर महाग वाटणारी एसएसडी अनेकदा तितकी महाग राहत नाही.

आता २४० की मोठी, हा प्रश्न. २४० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये २२३ जीबी दिसते. तुमची १९० जीबी आधीच व्यापलेली आहे, म्हणजे ती पहिल्या दिवसापासून दाटीवाटीने भरलेली असेल. तुमच्यासाठी २४० हा पर्याय मी बाद करते.

टिपकागद:

दवणा यांच्याशी सहमत, आणि ४८० ऐवजी ५०० जीबीच घ्यावी अशी माझी आग्रहाची सूचना आहे. कारण वेगाचे नाही, स्थलांतराचे आहे. तुमच्या जुन्या डिस्कमध्ये न वाचता येणारे सेक्टर आहेत. अशा डिस्कची नक्कल करताना क्लोनझिलासारखी साधने पहिल्याच खराब सेक्टरला थांबतात. ते टाळण्यासाठी बचावाचा वेगळा पर्याय निवडावा लागतो. त्याहून भरवशाचे साधन म्हणजे लिनक्स या मोफत कार्यप्रणालीवरील जीएनयू डीडीरेस्क्यू. ते आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उतरवून घेते, अडलेल्या जागांची नोंद एका फाइलीत ठेवते आणि मग फक्त त्या जागांवर पुन्हा प्रयत्न करते. मध्येच वीज गेली तरी त्या नोंदीच्या आधारे काम तिथून पुढे चालू होते. परंतु हे साधन सेक्टरला सेक्टर अशी नक्कल करते, त्यामुळे नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी असावी लागते. ५०० जीबीच्या हार्ड डिस्कवरून ५०० जीबीच्या एसएसडीवर ही नक्कल थेट होते. ४८० घेतली तर बिघडलेल्या डिस्कवरच पार्टिशन (डिस्कचा विभाग) लहान करण्याचा उद्योग आधी करावा लागेल, आणि तो सध्याच्या अवस्थेत धोक्याचा आहे.

नक्कल करताना एसएसडी यूएसबी केसिंगमध्ये (डिस्क बाहेरून जोडण्याच्या पेटीत) ठेवून तुमच्या यंत्राच्या यूएसबी ३.० पोर्टला जोडा. यूएसबी २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला तीस-चाळीस एमबी एवढाच वेग मिळतो. आदेश देण्यापूर्वी मूळ डिस्क कोणती आणि लक्ष्य डिस्क कोणती, हे मॉडेल क्रमांक वाचून पक्के करावे. दोन्हींची क्षमता सारखी असल्यामुळे नुसत्या आकारावरून ओळख पटणार नाही, आणि उलटी नक्कल झाली तर सगळेच पुसले जाईल.

सातवीण:

जुन्या सॉफ्टवेअरच्या परवान्याबद्दल कोणी लिहिलेले दिसले नाही, म्हणून लिहितो. विंडोज १० चा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे डिस्क बदलल्याने तो जात नाही. डीटीपीच्या जुन्या सॉफ्टवेअरांत तीन प्रकार आढळतात. काहींना यूएसबीला किंवा प्रिंटरच्या पोर्टला लावायचे कुलूप असते, त्यांना डिस्कशी कर्तव्य नसते. काही सॉफ्टवेअर पार्टिशनचा क्रमांक तपासतात. तो क्रमांक फाइलव्यवस्थेतच लिहिलेला असल्याने सेक्टरनिहाय नक्कल केल्यावर जसाच्या तसा येतो. काही थोडी सॉफ्टवेअर डिस्कचा कारखान्यातला अनुक्रमांक पाहतात, आणि तो कोणत्याही नकलेत बदलणारच. तुमचे सॉफ्टवेअर कोणत्या प्रकारचे आहे, हे नक्कल केल्यावरच कळेल. म्हणून जुनी डिस्क, ती चालते आहे तोवर, काही काळ तशीच जपून ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे विंडोज १० चे मोफत समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. वाढीव सुरक्षा अद्यतनांची घरगुती वापरासाठीची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, तिच्यात नाव नोंदवून घ्यावे. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरची अट घातली असल्याने टी-४३० तिथे अधिकृतपणे बसत नाही. इंटरनेटची कामे लिनक्स मिंटवर आणि डीटीपी इंटरनेट न जोडलेल्या विंडोजवर अशी विभागणी मी काही छापखान्यांत करून दिली आहे. ५०० जीबीत दोन्ही आरामात मावतात.

लोहदांडी:

खरेदीबद्दल माझे अनुभव. पुण्यात असाल तर तपकीर गल्ली आणि मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड, इथे दोन-चार दुकानांत भाव विचारल्याशिवाय घेऊ नये. एकाच मॉडेलचा भाव शेजारच्या दुकानात वेगळा असतो. जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल घ्या आणि त्यावर एसएसडीचा अनुक्रमांक लिहून मागा, कारण वॉरंटीच्या वेळी तोच विचारला जातो. बिलाशिवाय स्वस्तात देतो असे कोणी म्हटले, तर त्या स्वस्ताईत वॉरंटी गेलेली असते.

घरी आणल्यावर पहिले काम म्हणजे क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ती किती तास चालली आहे ते पाहणे. नव्या एसएसडीत हा आकडा शून्य किंवा त्याच्या अगदी जवळचा हवा. तिथे शेकडो तास दिसले, तर ती आधी कुठेतरी वापरलेली आहे असे समजून त्याच दिवशी परत करावी.

अनोळखी नावांच्या एसएसडीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. भाच्याच्या लॅपटॉपसाठी आम्ही अशी एक घेतली होती. ती पहिल्याच वर्षात बंद पडली आणि वॉरंटीसाठी दिलेला पत्ता कामाचा निघाला नाही. त्या वर्गात आज एक चिप आणि पुढच्या खेपेला दुसरी असे सर्रास चालते, त्यामुळे आज चांगली निघालेली एसएसडी पाहून उद्या तीच घेणाऱ्याला तीच मिळेल याची खात्री नसते. अशक्य वाटावी एवढी मोठी क्षमता क्षुल्लक किमतीत देणाऱ्या यूएसबी एसएसडी तर सरळ फसवणूक असते. आत लहान मेमरी कार्ड असते आणि क्षमतेचा आकडा खोटा दाखवलेला असतो. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या साधनाने पूर्ण जागा लिहून आणि वाचून पाहिली की ती उघडी पडते.

भाव मात्र सध्या उतरणीला नाहीत. डेटा सेंटरांची मागणी वाढल्यामुळे २०२५ च्या अखेरीपासून मेमरी आणि फ्लॅश दोन्ही महागल्या आहेत. मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. आधी विकलेल्या मालाची वॉरंटी चालू राहील असे कंपनीने सांगितले आहे, तरी एमएक्स-५०० घेताना तो माल किती जुना आहे आणि बिल पक्के आहे का, हे पाहावे.

अक्षरजुळारी:

सर्वांचे अतिशय आभार. प्रत्येक प्रतिसाद वहीत उतरवून घेऊन मगच खरेदीला गेले.

सॅमसंगची ८७० ईव्हो, ५०० जीबी घेतली. ती बीएक्स-५०० पेक्षा महाग पडली, पण पाच वर्षांची वॉरंटी आणि दवणा यांनी सांगितलेला डीरॅमचा मुद्दा या दोन कारणांनी तो जास्तीचा खर्च मला योग्य वाटला. बिलावर अनुक्रमांक लिहून घेतला आणि घरी येऊन तास तपासले, ते शून्य होते. डीडीरेस्क्यूने नक्कल रात्रभर चालली. अडलेल्या चोवीस सेक्टरांपैकी बहुतेक शेवटी वाचले गेले. स्मरणिकेच्या दोन फाइलींपैकी एक पूर्ण उघडली, दुसरीचे एक पान गेले, त्याची छापील प्रत माझ्याकडे असल्याने ते पुन्हा जुळवता येईल. जुनी सॉफ्टवेअर पहिल्याच वेळी सुरू झाली, अक्षरसंचही जागच्या जागी आहेत. पेजमेकर ज्या झटक्यात उघडते ते पाहून मला खरोखर फार आनंद झाला.

अजून दोन शंका आहेत. एसएसडीसाठी विंडोजमध्ये काही बदलावे लागते का? आणि जुन्या डिस्कचे काय करावे?

सातवीण:

उत्तम झाले. बदलण्यासारखे फार नाही. यंत्र सुरू होताना एफ-१ दाबून बायोसमध्ये जा आणि सीरियल एटीएच्या भागात एएचसीआय ही डिस्क-जोडणीची पद्धत निवडलेली आहे ना, एवढे पाहा. ते तसे नसेल तर एकदम बदलू नका, आधी इथे विचारा, कारण अचानक बदलल्यास विंडोज सुरू होत नाही. त्यानंतर विंडोजच्या ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज या खिडकीत नव्या डिस्कसमोर सॉलिड स्टेट ड्राइव्ह असे लिहिलेले दिसायला हवे. तसे असेल तर पुसलेल्या जागांची माहिती एसएसडीला देण्याचे ट्रिमचे काम विंडोज आपणहून करते.

टिपकागद:

जुनी डिस्क या दिवाळी अंकांची कामे पूर्ण होईपर्यंत कोरड्या जागी, काहीही न लिहिता ठेवा. एखादी फाइल नव्या डिस्कवर बिघडलेली आढळली, तर तिचा शोध घेण्यासाठी तीच उपयोगी पडेल. बॅकअपसाठी मात्र ती वापरू नका, त्यासाठी उंबरठा यांनी सुचवल्याप्रमाणे नवी बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि दर आठवड्याला कामांचे फोल्डर तिच्यावर उतरवा. पुढे टाकून देण्याची वेळ आली की ती ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. त्याआधी ग्राहकांची माहिती पुसण्यासाठी पूर्ण डिस्कवर एकदा शून्ये लिहावीत. खराब सेक्टरांमुळे ते पूर्ण झाले नाही, तर आतील तबकड्या मोडाव्या लागतील. लॅपटॉपच्या डिस्कमधील तबकड्या अनेकदा काचेच्या असतात आणि मोडताना त्यांच्या किरचा उडतात, म्हणून ती जाड कापडात गुंडाळून आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा लावूनच हे काम करावे.

पाऊलखूण:

धागा वाचून एक प्रश्न. माझ्याकडे याच घराण्यातला टी-४२० आहे. त्यालाही हेच लागू पडेल का?

सातवीण:

हो. त्याचाही मुख्य कप्पा साटा ३ आहे आणि ७ मिमीची एसएसडी पट्ट्यांसह बसते. आधी बॅटरी काढा, मग बाजूच्या झाकणाचा एकच स्क्रू सोडवा, की डिस्क ओढून बाहेर येते.